करापुरती भिंत

१२ मार्च

प्रिय धाकट्या,

गेला रे बाबा, जागाकर गेला! काल राज्याचं बजेट मांडताना मंत्र्यांनी एका वाक्यात तो रद्द केला आणि आपल्या गल्लीत असा गलका उठला, की मला वाटलं कुठेतरी आग लागली. चष्मेवाला शटरवर हात आपटत होता. शिकवणीचे सर पोरांना वर्गात सोडून रस्त्यावर आले. तीन वर्षांपूर्वी याच मंत्र्यांनी 'ऐसपैस जागेत धंदा करणाऱ्यांनी थोडा भार उचलावा' म्हणून हा कर बसवला होता. मग काय, ज्यानं त्यानं दुकानात मधोमध फळ्या ठोकल्या आणि एकाची दोन छोटी दुकानं करून मोकळा झाला. आता मंत्री म्हणतात, अपेक्षेइतकी वसुली झाली नाही. होणार कशी? गल्लीत कर लावण्याएवढं दुकानच उरलं नव्हतं. कमाई झाली ती एकट्या सुताराची, आणि आता पाडायची मजुरीही तोच घेणार.

तर तू ये. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. मोठ्या हॉटेलातली धुलाईची नोकरी म्हणजे खायचं काम नाही, डोकं वर काढायला फुरसत नसेल, हे मला कळतं. पण एक शनिवार काढ. आपल्या लाँड्रीतली भिंत पाडायला सुताराला मी पुढच्या शनिवारचं सांगून ठेवलंय. "फक्त करापुरती आहे गं ताई, कर गेला की लाथ घालून पाडू," असं तूच म्हणाला होतास. लाथ तू घाल, मी लांबून टाळ्या वाजवीन. माझी कंबर आता लाथा घालायच्या लायकीची राहिली नाही.

आणि खरं सांगू का, मी दमलेय. तुझ्या बाजूला भट्टी, नळ, हौद. माझ्या बाजूला काउंटर आणि इस्त्रीची टेबलं. दोघं होतो तेव्हा मधल्या खिडकीतून गठ्ठे इकडून तिकडे जात होते. आता मी इकडून खिडकीत गठ्ठा ठेवते, मग दुकान ओढून घेऊन रस्त्यानं वळसा घालते, तुझ्या दारानं आत शिरते, आणि मीच ठेवलेला गठ्ठा मीच उचलते. चष्मेवाला म्हणतो, "ताई, पावती घेत जा हं स्वतःकडून." इस्त्रीवाले मामा आहेत म्हणून निभतंय, नाहीतर माझे कधीच बारा वाजले असते.

आईचे गुडघे तसेच आहेत. तिला दुकानामागच्या माझ्या खोलीत सोडताना तू 'थोडे दिवस' म्हणालास, म्हणून तिनं अजून दोन्ही पिशव्या सोडल्या नाहीत. लागेल ती वस्तू काढते आणि पुन्हा गाठ मारते. माझ्याशी बोलते ते 'दिवा घालव' आणि 'दार लाव' एवढंच. भिंत झाल्यापासून ती माझ्या बाजूला बसायची बंदच झाली होती ना, सवय मोडली असेल. आधी काउंटरमागे बसून लोकांच्या शर्टांना बटणं लावायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची कुंडली मांडायची. नंतर म्हणायला लागली, भट्टीची ऊब गुडघ्यांना बरी. मग मी दुपारचा तिचा चहा खिडकीतून तुझ्या हातात द्यायचे. भिंत गेली की ऊब सगळीकडेच येईल. मग कुठे बसायचं ते तिचं तिला ठरवू दे.

ये. बायकोला आणि पोरीला घेऊन ये.

तुझी ताई


२३ मार्च

प्रिय धाकट्या,

सुतार आला, चहा प्यायला, भिंतीवर टकटक करून "माल चांगला वापरला होता" असं स्वतःचंच कौतुक केलं आणि गेला. तुझी वाट बघून मी त्याला पुढची तारीख दिली. सगळ्या गल्लीत ठोकाठोकी चालू आहे, शिकवणीच्या सरांनी तर फळ्या स्वतः उपसून काढल्या. आपलीच तेवढी उभी आहे.

पत्र मिळालं नसेल असं मी धरून चालले होते. पण परवा तुझ्या बाजूचं शटर वर गेल्याचा आवाज आला. मी इस्त्री उभी करून धावले. म्हटलं, न सांगता आलास, तुझं ते जुनंच आहे. आत एक बाई उभ्या होत्या. नीटनेटक्या, हातात टेप, सोबत एक माणूस वहीत आकडे लिहीत होता. त्यांच्या हातात तुझी किल्ली होती. त्या हौदाकडे बोट करून म्हणत होत्या, "हे काढायचं. इथे खुर्ची, इथे बेसिन. भट्टी तर जाणारच."

मी विचारलं, तुम्ही कोण? त्या म्हणाल्या, दातांची डॉक्टर. ही जागा घेतेय. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं नाही का भावानं?"

मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "सांगितलं की. माझ्याच डोक्यातून गेलं." परक्या बाईसमोर तुझी लाज राखली. वर हसले, आणि त्यांना बसायला स्टूलही दिलं. त्या गेल्यावर मामांनी मला त्याच स्टुलावर बसवलं.

जाताना त्यांनी एक विचारलं. नळजोडणी कुणाच्या नावावर आहे? मी म्हटलं, माझ्या. मी सासर सोडून आले त्या वर्षी बाबांनी मुद्दाम माझ्या नावावर करून दिली होती, 'तुझं इथे काहीतरी आहे' म्हणून. त्या म्हणाल्या, मग तुमची संमती लागेल, नळाशिवाय दवाखाना कसा चालवू?

मी आईला यातलं काही सांगितलेलं नाही. शटर कुणी उघडलं असं तिनं विचारलं, मी म्हटलं वीजवाला होता.

धाकट्या, भाड्यानं देतोयस का? हात तंग असेल तर तसं सांग. भाड्याचं असेल तर आपण मार्ग काढू. पण भट्टी काढून भाड्यानं देतात का कुणी? मला समजेल असं दोन ओळीत लिही.

ताई


३० मार्च

धाकट्या,

दोन ओळी मागितल्या होत्या, तू बरोबर दोनच पाठवल्यास. तेही फोनवर. 'ताई, विकतोय. भिंत राहू दे, नंतर बोलू.'

भिंत राहू दे! कर गेला, मंत्री तोंडावर पडले, गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की आता भिंती नकोत. आणि तू म्हणतोस राहू दे.

मी काल दिवसभर एकाही कपड्यावर नीट इस्त्री फिरवली नाही. एका गिऱ्हाइकाचा कोट दुसऱ्याच्या हातात दिला, आणि तो मुकाट्यानं घेऊन गेला, कारण तो त्याच्या स्वतःच्या कोटापेक्षा चांगला होता. एरवी यावर आपण दोघं आठवडाभर हसलो असतो.

तुझा वाटा तुझाच आहे. मी त्याला कधी नाही म्हटलं नाही, आताही म्हणणार नाही. पण तुझ्या वाट्यात पाणी आहे रे. तुझी बाजू गेली की माझ्याकडे उरतात चार टेबलं आणि इस्त्र्या. इस्त्री करायला आधी कुणीतरी धुवावं लागतं. बाबांनी ही लाँड्री एक म्हणून उभी केली, ती अर्धी चालत नाही. तू हॉटेलात नोकरीला लागलास, तुला महिन्याचा पगार आहे. माझं पोट इथेच आहे आणि आईचंही, आता ती माझ्याकडे आहे म्हणून. तू मागे वळून एकदा तरी विचार केलास का, की ताई काय करेल?

गेल्या पावसाळ्यापासून तुझी धुलाई बिघडली होती. कॉलरमध्ये साबण राहायचा आणि इस्त्री फिरवली की पिवळा पट्टा उठायचा. मी दोनदा खिडकीतून ओरडले, तू "हो हो" म्हणालास. मला वाटलं पोरीच्या आजारपणानं लक्ष उडालंय. पण तुझं लक्ष तिकडेच कुठेतरी होतं.

केसानं गळा कापणं असं म्हणतात, ते मला आजवर नुसतं ऐकून माहीत होतं.

उद्या मी आपले कागद बघणाऱ्या करवाल्या काकांकडे जातेय. दुकानाच्या दोन नोंदण्या पुन्हा एक कशा करायच्या ते विचारते. कर गेला तर कागदही पहिल्यासारखे व्हायला हवेत. मग बघू कुणाला काय विकता येतं.

ताई


२ एप्रिल

काकांकडे जाऊन आले.

तुला त्यांचं ऑफिस आठवतं ना, वहीपेन्सिलवाल्याच्या डोक्यावर, जिन्यात वाकून जावं लागतं ते. ते शेंगदाणे सोलत बसले होते. टरफलं एका फायलीवर, दाणे दुसऱ्या फायलीवर. गल्लीतली निम्मी मंडळी याच कामासाठी येऊन गेली म्हणाले. मी म्हटलं, काका, आमचीही नोंदणी एक करून द्या.

ते थांबले. "तुमची? अगं, मग तेव्हा एवढा हट्ट कशाला केलास वेगळं व्हायचा?"

मला वाटलं वय झालं, दुसऱ्या कुणाशी घोळ करतायत. मी म्हटलं, "हट्ट कसला काका, कर वाचवायला भिंत घातली आम्ही. सगळ्यांसारखीच."

"कसला कर? तुमच्या लाँड्रीला तो लागतच नव्हता. भट्टीची खोली, हौद, वरची वाळवायची गच्ची, यातलं काही मापात धरतच नाहीत. गिऱ्हाईक जिथे उभं राहतं तेवढीच जागा मोजायची. तुमचं काउंटर ते केवढं! मी तुझ्या भावाला तेव्हाच सांगितलं होतं, फळीसुद्धा आणू नका म्हणून."

"कधी सांगितलं?"

"अगं, पहिल्याच वेळी. सुताराला बोलवायच्या आधी."

मी विचारलं, मग तो काय म्हणाला? काकांनी शेंगदाणे बाजूला ठेवले. त्यांना कळलं असावं की आपण नको ते बोलून बसलो. मी उठेना, तेव्हा म्हणाले, "तो म्हणाला, कराचं सोडा काका, ताईलाच वेगळं व्हायचंय. घरात भांडण नको म्हणून मी करतोय. तुम्ही तिच्यापाशी विषय काढू नका. मी नाही काढला बाई. लोकांच्या घरात मी कशाला नाक खुपसू?"

आणि ते वाटणीपत्र, 'ताई, इथे इथे सह्या कर, नोंदणीला लागतात' म्हणून तू इस्त्रीच्या टेबलावर ठेवलेलं? माझ्या हाताला खळ लागलेली होती, तू फडक्यानं पुसून दिलीस. काका म्हणाले, ती वाटणी कायमची आहे. बजेटशी तिचा काही संबंध नाही. जोडायची तर तुझी सही लागेल.

म्हणजे अख्खी गल्ली मंत्र्यांना फसवत होती, आणि त्याच गर्दीत तू मला फसवलंस. मंत्र्यांच्या तरी लक्षात आलं.

तुला जायचं होतं, तर जायचंय म्हणायचं होतंस. तुझ्या बायकोला इथला वास, वाफ, दिवसभरचं उभं राहणं नकोसं होतं, ते मला दिसत नव्हतं का? तू हक्कानं सांगितलं असतंस, मी भांडले असते. मोठ्यानं भांडले असते, चार दिवस जेवले नसते. मग आपण दोघांनी बसून काहीतरी ठरवलं असतं. ते तुला नको होतं. तुला माझ्याशी वाईट व्हायचं नव्हतं, आणि पाहिजे ते मिळवायचंही होतं.

आज एवढंच. मामांनी दुकान बंद केलं, मी नुसती बसून आहे.


६ एप्रिल

मला वाटलं होतं, काकांनी सांगितलं तोच तळ. त्याखाली आणखी एक मजला तू बांधून ठेवलायस.

आईला सांगणार नव्हते. पण किती दिवस वीजवाल्याच्या नावावर खपवणार? दातवाल्या डॉक्टर पुन्हा आल्या, या वेळी प्लंबर घेऊन. आईनं दारातून सगळं ऐकलं. मग मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. तो विकतोय. कर आपल्याला लागतच नव्हता. भिंत त्याला हवी होती.

आईनं हातातली पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आता पुरे कर हे नाटक. भिंत तुला हवी होती."

मी म्हटलं, "काय?"

"मला सगळं तेव्हाच कळलंय. तो माझ्यापाशी येऊन रडला होता. म्हणाला, आई, ताईला वेगळं व्हायचंय, कराचं नुसतं निमित्त आहे. तू तिला काही विचारू नकोस, एकदा संसार मोडून आलीय, दुखावेल. मी गप्प बसले. त्यानं शपथ घातली म्हणून बसले. नाहीतर तुला विचारलं असतं, बापाला जाऊन वर्ष झालं नाही तोवर घराचे दोन तुकडे करताना तुझा हात कसा धजावला?"

 

ती बोलतच राहिली. तीन वर्षांचं साठलेलं होतं. म्हणाली, म्हणून तुझ्या बाजूला मी पाऊल ठेवलं नाही. गुडघ्यांचं सांगत होते, तुझी शोभा नको म्हणून. "एकीकडे घर तोडायचं आणि दुसरीकडे दुपारी खिडकीतून चहा पाठवायचा! तुझा तो चहा मी रोज मोरीत ओतत होते."

रोज. मी आलं ठेचून, तिला लागतो तसा कमी दुधाचा करून, कपावर बशी ठेवून तुझ्या हातात द्यायचे. तू तो तिच्या हातात द्यायचास. आणि ती तुझ्यादेखत ओतायची. मोरी तुझ्या हौदाशेजारीच आहे. तू बघत होतास. मग रिकामा कप खिडकीतून मला परत द्यायचास, आणि एकदा मी विचारलं होतं, "आवडतो ना तिला?" तू म्हणाला होतास, "हो गं, शेवटच्या घोटापर्यंत."

जागेचं दुःख मला होतं. या कपापुढे ते काहीच नाही. माझी आई जिवंत असताना, भिंतीपलीकडे चार पावलांवर बसलेली असताना, तू ती माझ्यापासून काढून घेतलीस. तेही कशासाठी? तर वाटणीचा दोष तुझ्या माथी येऊ नये म्हणून.

मी तिला सांगितलं, आई, मी असं कधी म्हटलं नाही. काकांना विचार हवं तर. ती म्हणाली, "त्या काकांनाही तूच पढवून आली असशील. माझा मुलगा माझ्यापाशी खोटं रडणार नाही."


१० एप्रिल

हे पत्र नीट वाच. व्यवहाराचं आहे, तुला समजेल.

तुझा दुसरा निरोप मिळाला, 'नळाच्या संमतीचं काय?' डॉक्टर थांबायला तयार नाहीत, हेही कळलं. करवाले काका म्हणतात, अडून बस. नळ तुझ्या नावावर आहे, वर्षभर खेळवलंस तरी तो काही करू शकत नाही. मामा म्हणतात तेच. चष्मेवाला तर म्हणतो, डॉक्टरांना पळवून लावायची जबाबदारी माझी. सगळी गल्ली माझ्या बाजूनं आहे. एक माणूस सोडून, आणि ते माझ्या खोलीत, माझ्याच पलंगावर पाठ फिरवून बसलेलं असतं.

मी तिला चार दिवसांत सगळ्या तऱ्हेनं सांगून पाहिलं. रागावून, समजावून, एकदा पाया पडून. ती म्हणते, "धाकट्यावर ढकलू नकोस, तो इथे नाही म्हणून." मी जेवढं खरं बोलते, तेवढी तिच्या नजरेत खोटी पडते. काल रात्रीच्या जेवणाला तिनं माझ्या हातची वाटी घेतली, आणि आपण उठून पाणी आणायला जाते म्हणून तशीच ठेवून दिली.

तर हे असं करू. नळाची संमती मी देते. पूर्ण, बिनशर्त, डॉक्टरांच्या नावे. भट्टी काढ, हौद फोड, भिंत ठेव. मी पलीकडच्या बाजारातल्या लाँड्रीत कपडे धुवायला टाकीन आणि इथे नुसती इस्त्री करीन. जेवढं चालेल तेवढं चालेल. मामांना ठेवता येणार नाही, ते मी त्यांना सांगितलंय.

बदल्यात तू आईला खरं सांगायचं. ताईनं वेगळं व्हायचं म्हटलं नव्हतं, मी खोटं बोललो. एवढंच. पत्र लिहू नकोस. तिला आता वाचता येत नाही, वाचून मीच दाखवणार, आणि माझ्या तोंडून आलेलं तुझं पत्रही तिला माझंच वाटेल. तिला फोन कर. तुझ्या आवाजात सांग.

तुला वाटेल, ताई एवढ्यावर लाँड्री सोडते, ताईचं डोकं फिरलं. फिरलं असेल. पण दुसरी लाँड्री मला कुठेतरी मिळेल. आई म्हातारी झालीय, धाकट्या. ती असाच विचार मनात धरून गेली, तर मी कुणाला सांगायला जाऊ?

मी तुला खोटं बोल म्हणत नाही. खरं बोल म्हणते. म्हणून तुला जड जाईल, हे मला ठाऊक आहे.


१९ एप्रिल

तुझा फोन आला तेव्हा मी मुद्दाम बाहेर गेले नाही. आईला ऐकू कमी येतं म्हणून ती फोन मोठ्या आवाजावर ठेवते, ते तू विसरलास. किंवा तुला ठाऊकच नसेल.

आधी तू हवापाण्याचं बोललास. मग पोरीच्या शाळेचं. मग म्हणालास, "आई, त्या भिंतीचं… ताई काही तसं म्हणाली नव्हती. पण तिच्या मनात ते होतं. मला कळत होतं ना. म्हणून मी आपलं…"

आई म्हणाली, "म्हणाली नव्हती?"

"नाही म्हणजे, तोंडानं नाही."

"मग तू माझ्यापाशी येऊन रडलास ते?"

 मागची हॉटेलची यंत्रं तेवढी घरघरताना ऐकू येत होती. मग तू म्हणालास, "आई, ते जाऊ दे आता. ताईला आठवण कर, डॉक्टर संमतीसाठी खोळंबल्यात."

तिनं फोन मांडीवर ठेवला. बंद केला नाही, नुसता ठेवला. तू दोनदा "हॅलो, हॅलो" केलंस आणि कापलास.  मग मला म्हणाली, "तू एवढं सांगत होतीस, आणि मी…"   मी तिला धरलं. तीन वर्षांनी धरलं तिला. ती किती हलकी झालीय, हे भिंतीपलीकडून मला कळलं नव्हतं.

तर तू मला माझी आई परत दिलीस, तीही अर्ध्या मनानं, वर मीच मनातून वाईट होते असा डाग ठेवून. कापडावरचा असता तर काढला असता. शब्द मात्र मी पाळतेय. सोबत नळाची संमती आहे, डॉक्टरांच्या नावे, दोन्ही ठिकाणी सही केलीय. आज सकाळी भट्टी शेवटची विझवली. मामा रडले. मी नाही रडले, माझ्याकडे तेवढं काही उरलं नव्हतं. सोमवारी डॉक्टरांची माणसं हौद फोडायला येणार आहेत. तुझ्या बाजूची माझ्याकडची किल्ली त्यांच्यासाठी चष्मेवाल्याकडे ठेवलीय. माझ्याकडे मागायला येऊ नकोस.

यापुढे तू मला पत्र लिहू नयेस, मीही लिहिणार नाही. मोठी बहीण म्हणून मला तुझा फार अभिमान होता. गल्लीत कुणी माझ्याशी वाकडं बोललं, तर मी म्हणायचे, माझ्या भावाला सांगीन. आता कुणाचं नाव घ्यावं ते कळत नाही, आणि याचंच सगळ्यात जास्त दुखतंय.

हे लिहिताना आई शेजारी बसलीय. तिनं विचारलं, त्याला लिहितेस का? मी हो म्हटलं. तुझं काही सांगायचंय का, विचारलं. तिनं गुडघ्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "लिही, आई बरी आहे म्हणून. त्यानं विचारलं नाही, तरी लिही."